दादासाहेब मावळंकर: अहमदाबादचे वकील ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लोकसभेच्या अध्यक्षांवरून वाद पेटला की दर वेळी एक जुनं नाव पुढे येतं: गणेश वासुदेव मावळंकर. सत्ताधारीही त्यांचा दाखला देतात आणि विरोधकही. पण हा माणूस कोण, कुठला, वकिली करता करता त्या खुर्चीपर्यंत कसा पोचला, हे मराठीत फारसं कुणी सांगत नाही. कायद्याचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षा देणारी मुलं आणि गुजरातेतले मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं दोन ओळींत आटोपली आहेत, काही चांगलीच लांबली आहेत.

मावळंकर मराठी की गुजराती?

दोन्ही म्हणावं लागेल. घराणं रत्नागिरी जिल्ह्यातलं, संगमेश्वर भागातल्या मावळंग्याचं, आडनाव त्यावरूनच. जन्म 27 नोव्हेंबर 1888 रोजी बडोद्यात, म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात. शाळा कोकणात आणि मुंबई इलाख्यातल्या (इंग्रजी अमलातल्या प्रांतातल्या) इतर गावांत झाली आणि 1902 मध्ये ते अहमदाबादला आले ते कायमचेच. पुढचं सगळं आयुष्य, वकिली, नगरपालिका, सत्याग्रह, निवडणुका, त्याच शहरात गेलं. त्यांनी पुस्तकं लिहिली तीही गुजरातीत आणि इंग्रजीत.

आज आपल्याला ते महाराष्ट्राबाहेर गेलेले वाटतात, पण तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात अशी वाटणीच नव्हती. रत्नागिरी आणि अहमदाबाद हे एकाच मुंबई इलाख्याचे दोन जिल्हे होते. शिवाय अहमदाबादेत मराठी माणूस नवा नव्हता. इंग्रजांच्या आधी त्या शहराचा महसूल पेशवे आणि गायकवाड वाटून घेत. गायकवाडांची हवेली अजून तिथे उभी आहे.

शिक्षण काय झालं होतं?

1908 मध्ये अहमदाबादच्या गुजरात कॉलेजातून बी.ए., तेही विज्ञान विषय घेऊन. पुढच्या वर्षी ते दक्षिणा फेलो होते. पेशवे श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिचाच निधी इंग्रजांनी पुढे शिष्यवृत्त्यांकडे वळवला होता. त्यानंतर मुंबईच्या सरकारी लॉ स्कूलमधून 1912 मध्ये ते कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि 1913 पासून अहमदाबादेत वकिली करू लागले.

विलायतेला ते गेले नाहीत. त्या काळात बॅरिस्टर आणि वकील यांच्यात मानाचा मोठा फरक होता. गांधी, वल्लभभाई, जीना, आंबेडकर हे सगळे बॅरिस्टर. मावळंकर मात्र मुंबईची पदवी घेतलेले साधे वकील. वरचं अपील घेऊन जायचं तर मुंबईचं हायकोर्ट गाठावं लागे, कारण गुजरातचं स्वतंत्र हायकोर्ट 1960 पर्यंत नव्हतंच.

वकिली खरंच चालायची, की नावापुरती होती?

चालायची, आणि चांगली चालायची. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण आपल्याकडे ‘वकील’ म्हणून ओळख सांगणाऱ्या कितीतरी पुढाऱ्यांनी काळा कोट फोटोपुरताच घातलेला असतो. मावळंकरांनी 1913 ते 1937 या काळात, तुरुंगवासाचे आणि असहकाराचे खंड वगळून, अहमदाबादेत वकिली केली. त्या वर्षांवर त्यांनी उतारवयात इंग्रजीत एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं. लोकसभेचे अध्यक्ष असताना, ज्या पदासाठी इतिहास त्यांना ओळखणार होता ते सोडून, माणूस आपल्या कोर्टातल्या दिवसांवर पुस्तक लिहितो, यातून काय ते समजावं.

गांधी आणि पटेल त्यांच्या आयुष्यात कसे आले?

अहमदाबादच्या भद्र भागात गुजरात क्लब होता. कोर्ट सुटलं की वकील मंडळी तिथे जमत. वल्लभभाई पटेल तिथे ब्रिज खेळत बसलेले असत. गांधी 1915 मध्ये आफ्रिकेहून येऊन अहमदाबादेत स्थिरावले आणि एकदा या क्लबात बोलायला आले, तेव्हाची एक आठवण पटेलांच्या चरित्रांतून नेहमी सांगितली जाते. पत्त्यांचा डाव बघत बसलेले तरुण मावळंकर गांधींना ऐकायला उठले, तर वल्लभभाईंनी त्यांना टोकलं: कशाला जातोस, तो काय सांगणार ते मीच सांगतो; गव्हातले खडे निवडता येतात का, असं विचारेल आणि त्यातून स्वराज्य मिळेल म्हणेल. मावळंकर तरीही गेले. टिंगल करणाऱ्या वल्लभभाईंचं पुढे काय झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मावळंकर गुजरात सभा या संस्थेचे चिटणीस होते. 1918 च्या खेडा सत्याग्रहात याच सभेने शेतकऱ्यांची बाजू उचलली. पीक बुडालं तर शेतसारा तहकूब करण्याची तरतूद सरकारच्याच महसुली नियमांत होती आणि अधिकारी ती पाळत नव्हते, हा तिथला मूळ मुद्दा. पीक किती आणे आलं (पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे) याची गावोगावची चौकशी आणि सरकारदरबारी अर्ज अशी त्या लढ्याची सुरुवात झाली. वकिलांना हे काम जमणारच होतं. गांधींच्या भोवती गुजरातेत सुरुवातीला जी माणसं जमली त्यांत वकील इतके का, याचं एक उत्तर इथे मिळतं.

राजकारणासाठी त्यांनी वकिली सोडली का?

एका झटक्यात नाही. असहकाराच्या लाटेत ते पूर्ण उतरले, गुजरात प्रांतिक काँग्रेसचे चिटणीस झाले, डिसेंबर 1921 च्या अहमदाबाद अधिवेशनाच्या स्वागत समितीची चिटणिशीही त्यांच्याकडे होती. मग काही काळ ते स्वराज्य पक्षाकडे (कायदेमंडळांत शिरून सरकारशी लढावं म्हणणाऱ्या काँग्रेसमधल्या गटाकडे) झुकले. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात पुन्हा गांधींबरोबर आले. वेगवेगळ्या वेळचा तुरुंगवास एकत्र केला तर सहा वर्षांच्या आसपास भरतो.

1942 नंतरच्या स्थानबद्धतेत एक वेगळीच गोष्ट घडली. साधे कैदी, म्हणजे चोरी-मारामारी-खुनाच्या गुन्ह्यांत आत आलेले, मावळंकरांकडे सल्ल्यासाठी येऊ लागले. दादासाहेब त्यांच्या हकिगती ऐकून घेत आणि जमेल ती मदत करत. त्यातल्या काही माणसांच्या खऱ्या कथा त्यांनी पुढे गुजरातीत लिहिल्या. त्या पुस्तकाच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या आणि ते इतर भारतीय भाषांतही गेलं. संसदीय प्रथांचे संस्थापक म्हणून त्यांच्याबद्दल रुक्ष आदर वाटत असेल, तर त्यांची ही बाजू आधी पाहावी.

नगरपालिकेत काय केलं?

ते 1919 पासून जवळजवळ अठरा वर्षं अहमदाबाद नगरपालिकेशी संबंधित होते. 1930 ते 1933 आणि पुन्हा 1935-36 मध्ये नगराध्यक्ष. वल्लभभाई 1924 ते 1928 या काळात अध्यक्ष होते, तेव्हा मावळंकर सभागृहात होतेच. याच काळात शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. 1927 ची गुजरात लॉ सोसायटी आणि 1935 ची अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी, दोन्हींच्या स्थापनेत त्यांचं नाव आहे. आज त्या शहरात कॉलेज शिकलेल्या कुणालाही यातली एक संस्था तरी माहीत असतेच.

अध्यक्षाच्या खुर्चीवर ते पहिल्यांदा कधी बसले?

1937 मध्ये, मुंबई विधानसभेत. दिल्लीच्या आधीची ही दोन-सव्वादोन वर्षं लोक विसरतात, पण खरी तालीम इथेच झाली. सरकार काँग्रेसचं, पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्य मंत्र्याला हेच म्हणत) बाळासाहेब खेर. गंमत म्हणजे खेर आणि मावळंकर दोघांचाही जन्म 1888 चा, दोघांचीही मुळं रत्नागिरी जिल्ह्यातली आणि दोघंही कायद्याच्या व्यवसायातले, खेर सॉलिसिटर. समोरच्या बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी सप्टेंबर 1937 मध्ये खोती (कोकणातली खोतांमार्फत सारा वसूल करण्याची पद्धत) रद्द करण्याचं विधेयक मांडलं ते याच सभागृहात. नियमांवर बोट ठेवून अध्यक्षाला पेचात पकडणारे कायदेपंडित समोर बसलेले असताना कामकाज चालवणं म्हणजे रोजची उलटतपासणीच.

नोव्हेंबर 1939 मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, गव्हर्नरची राजवट आली आणि विधानसभा नुसती कागदावर उरली.

1946 ची तीन मतांची निवडणूक काय होती?

जानेवारी 1946 मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात अध्यक्षपदासाठी काँग्रेसने मावळंकरांना उभं केलं. समोर होते मुंबईचे सर कावसजी जहांगीर. त्या सभागृहात काँग्रेसला निर्विवाद बहुमत नव्हतं. सरकारी अधिकारी, सरकारने नेमलेले सदस्य आणि युरोपियन गट सरकारच्या बाजूचे. मुस्लिम लीगचा मोठा गट होता तोही काँग्रेसच्या विरोधात. तरीही निकाल लागला 66 विरुद्ध 63, मावळंकर विजयी.

याच खुर्चीवर 1925 ते 1930 या काळात विठ्ठलभाई पटेल बसले होते, वल्लभभाईंचे थोरले बंधू आणि तेही वकीलच. विठ्ठलभाईंनी सरकारशी भांडून विधिमंडळाचं सचिवालय सरकारी खात्यापासून 1929 मध्ये वेगळं काढलं होतं. अध्यक्षाच्या हाताखालचा कारकूनवर्ग मंत्र्याच्या मर्जीवर नसावा, हा त्यामागचा साधा विचार. मावळंकरांना हे आयतं मिळालं आणि त्यांनी ते जपलं.

15 ऑगस्ट 1947 ला त्यांचं पद गेलं होतं, हे खरं का?

खरं आहे. स्वातंत्र्याच्या कायद्याने मध्यवर्ती विधिमंडळ त्या मध्यरात्री संपलं आणि त्याबरोबर त्यांचं पदही. सगळे अधिकार घटना समितीकडे गेले. पण राज्यघटना लिहिणारी सभा रोजचे कायदेही करणार का, अंदाजपत्रक मंजूर करणार का, मंत्र्यांना प्रश्न विचारणार का? हे ठरवायला एक समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष मावळंकरच होते. दोन कामं वेगळी ठेवावीत, असं समितीने सुचवलं. त्यानुसार घटना लिहिताना राजेंद्रप्रसाद अध्यक्ष आणि कायदे करताना दुसरा अध्यक्ष, अशी विभागणी झाली. 17 नोव्हेंबर 1947 रोजी त्या दुसऱ्या जागी मावळंकर निवडले गेले. 1950 नंतरच्या हंगामी संसदेतही तेच होते.

1952 मध्ये ते बिनविरोध निवडून आले ना?

नाही, आणि हा गैरसमज बराच पसरलेला आहे. 15 मे 1952 रोजी पहिल्या लोकसभेत अध्यक्षपदासाठी मतदान झालं. मावळंकरांच्या विरोधात उभे होते शंकरराव मोरे, शेतकरी कामगार पक्षाचे संस्थापक नेते आणि सोलापूरचे खासदार. मावळंकरांना 394 मतं पडली, मोऱ्यांना 55. स्वतंत्र भारताच्या लोकसभेची पहिली अध्यक्षीय लढत दोन मराठी माणसांत झाली, एक अहमदाबादचा आणि एक सोलापूरचा, हे मराठी वर्तमानपत्रांच्या वर्धापनदिन विशेषांकांतही क्वचितच वाचायला मिळतं.

त्यांनी नेमकं काय उभं केलं? ‘लोकसभेचे जनक’ असं का म्हणतात?

ही उपाधी जवाहरलाल नेहरूंनी दिली. मोठ्या उपाध्यांमागे बहुतेकदा एखादं गाजलेलं भाषण असतं. इथे मात्र नियम, समित्या आणि टिपणं आहेत.

1952 ची परिस्थिती समोर आणा. काँग्रेसचे 364 खासदार. सगळ्यांत मोठा विरोधी पक्ष कम्युनिस्ट, त्यांचे 16. एवढ्या बहुमतापुढे सरकारला कुणी अडवू शकत नव्हतं. अशा वेळी मंत्र्याला उत्तर द्यायला भाग पाडणारी व्यवस्था नियमांतूनच करावी लागते, आणि मावळंकरांनी ती तशी केली. प्रश्नोत्तराचा तास नियमित झाला. उत्तर अपुरं वाटलं तर त्यावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येऊ लागली. सार्वजनिक लोकलेखा समितीचं अध्यक्षपद 1950 पर्यंत अर्थमंत्र्याकडेच असे, म्हणजे ज्याचे हिशेब तपासायचे तोच तपासनीस. घटना लागू झाल्यावर ही समिती अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली. त्याच वर्षी सरकारी खर्चाचे अंदाज तपासणारी अंदाज समिती बसली. 1952 मध्ये कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा ते ठरवणारी कामकाज सल्लागार समिती, 1953 मध्ये सरकारने खात्यांमार्फत केलेले नियम तपासणारी समिती.

त्यातली माझी आवडती आहे 1953 ची आश्वासन समिती. मंत्री सभागृहात ‘माहिती घेऊन सांगतो’, ‘विचार करू’, ‘लवकरच पावलं उचलू’ असं म्हणतात आणि सगळे विसरून जातात. ही समिती मंत्र्यांची अशी वाक्यं कामकाजाच्या वृत्तांतातून वेचते, त्यांची यादी करते आणि आश्वासन पाळलं का, किती दिवसांत पाळलं, हे विचारते. साक्षीदाराने कोर्टात एकदा दिलेला जबाब त्याच्या अंगावर राहतो, हे ज्याने चोवीस वर्षं पाहिलं त्यालाच अशी समिती सुचू शकते, असं मला वाटतं. आपल्या विधिमंडळातही ही समिती आहे.

विरोधी पक्षनेतेपदाचा दहा टक्क्यांचा नियम त्यांचाच का?

मुळात हो. सभागृहात पक्ष म्हणून मान्यता हवी असेल तर किमान एक दशांश सदस्य हवेत, ही प्रथा मावळंकरांनी घातली. हिशेब असा की गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एक दशांश सदस्य लागतात. जो पक्ष स्वतःच्या बळावर गणपूर्तीही करू शकत नाही, तो पर्यायी सरकार काय देणार. परिणाम असा झाला की त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत लोकसभेला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता मिळालाच नाही.

पुढे 1977 मध्ये विरोधी पक्षनेत्याचे पगार-भत्ते ठरवणारा कायदा झाला. त्यात ‘सर्वांत मोठा विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता’ एवढंच आहे, दहा टक्के हा शब्द नाही. तरी प्रथा टिकून राहिली. 2014 मध्ये काँग्रेसला 44 जागा मिळाल्या, लागत होत्या 55, आणि अध्यक्षा सुमित्रा महाजन यांनी पद नाकारलं. महाजन मूळच्या चिपळूणच्या, राजकारण इंदूरचं, कायद्याची पदवीही घेतलेली. रत्नागिरी जिल्ह्यातून निघून दुसऱ्या प्रांतात रुजलेल्या एका अध्यक्षाने घातलेली प्रथा तशाच दुसऱ्या अध्यक्षांनी साठ वर्षांनी चालवली.

प्रथा बरोबर की चूक? पक्षांची बजबजपुरी असताना मान्यतेला काहीतरी उंबरठा हवा, हे पटतं. पण लोकपालापासून सीबीआयच्या संचालकापर्यंतच्या निवड समित्यांवर आता विरोधी पक्षनेता लागतो. मावळंकरांच्या काळात असल्या समित्या नव्हत्या. त्यांची फूटपट्टी जशीच्या तशी आज लावताना हा फरक पाहायला हवा होता.

अध्यादेशांवरून नेहरूंशी खटका उडाला होता का?

खटका म्हणण्यापेक्षा पत्रापत्री. आणि ती वाचताना दोघांबद्दलही आदर वाढतो.

संसदेचं अधिवेशन चालू नसेल तर राष्ट्रपतींच्या सहीने सरकार अध्यादेश काढू शकतं. घटनेचा 123 वा अनुच्छेद. इंग्रजी राजवटीत व्हाइसरॉयच्या वटहुकमांनी ज्यांना तुरुंगात टाकलं होतं, तीच मंडळी सत्तेत येताच वटहुकूम काढू लागली. नोव्हेंबर 1950 मध्ये मावळंकरांनी नेहरूंना लिहिलं की ही पद्धत मुळातच लोकशाहीविरोधी आहे, आणि एखादा अध्यादेश समर्थनीय असला तरी एकामागून एक असे निघत राहिले की सरकार अध्यादेशांवर चालतं अशी लोकांची समजूत होते. नेहरूंनी तत्त्व मान्य केलं, पण संसदेचं काम संथ चालतं आणि महत्त्वाची विधेयकं अडून राहतात, ही अडचणही पुढे केली. जुलै 1954 मध्ये मावळंकरांनी पुन्हा लिहिलं: अत्यंत निकडीची वेळ असेल तरच अध्यादेश काढावा, आपण आज जे करू त्यावर उद्याची सरकारं चालतील.

निष्पन्न काय झालं? नियमांत एक तरतूद आली: अध्यादेशाच्या जागी विधेयक आणताना तातडी काय होती याचं लेखी निवेदन सभागृहापुढे ठेवावं लागतं. ती आजही आहे. अध्यादेश मात्र थांबले नाहीत, कोणत्याच पक्षाच्या राजवटीत थांबले नाहीत. त्यांनी व्यक्त केलेली भीती किती खरी होती, ते पुण्यातून उघडकीला आलं. गोखले इन्स्टिट्यूटचे डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रं चाळून दाखवलं की 1967 ते 1981 या काळात तिथे 256 अध्यादेश पुन्हा पुन्हा जारी करून जिवंत ठेवले गेले, काही तर चौदा वर्षांपर्यंत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर 1986 मध्ये न्यायालयाने हा घटनेशी केलेला कपटव्यवहार ठरवला.

माझं मत विचाराल तर दादासाहेबांची मर्यादा इथे दिसते. सभागृहाच्या आतल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांची हुकमत चालली, कारण तिथे नियम करणं त्यांच्या हातात होतं. सभागृहाबाहेर त्यांच्याकडे फक्त पत्र होतं, आणि पत्राला सभ्य उत्तर आलं की विषय संपत असे.

अध्यक्ष झाल्यावर त्यांनी काँग्रेस सोडली का?

नाही, आणि सोडल्याचा आवही आणला नाही. इंग्लंडमध्ये स्पीकर निवडला गेला की पक्षाशी नातं तोडतो आणि मोठे पक्ष सहसा त्याच्या मतदारसंघात उमेदवार देत नाहीत. मावळंकरांचं म्हणणं असं की दुसरी गोष्ट आधी होऊ द्या. पुढच्या निवडणुकीत जागा मिळण्यासाठी पक्षाच्या दारात उभं राहावं लागणार असेल तर पक्षत्यागाची अपेक्षा करणं व्यवहारात बसत नाही. मी पक्षाच्या रोजच्या राजकारणापासून दूर राहीन, वादग्रस्त बैठकांत बसणार नाही, एवढं बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतलं. अध्यक्षांची जागा बिनविरोध सोडावी, असा आग्रह ते पीठासीन अधिकाऱ्यांच्या (विधिमंडळांच्या अध्यक्ष-सभापतींच्या) परिषदांत धरत राहिले. कुठल्याच पक्षाने तो मनावर घेतला नाही. 1967 मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी अध्यक्ष होताच काँग्रेसचा राजीनामा दिला, पण त्याचीही प्रथा झाली नाही.

त्यांच्यावर अविश्वास ठराव आला होता, तो कशासाठी?

18 डिसेंबर 1954. लोकसभा अध्यक्षाला पदावरून काढण्याचा हा पहिला ठराव. मांडला विघ्नेश्वर मिसिर यांनी. आरोप असा की स्थगन प्रस्ताव (ठरलेलं काम थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारे) नाकारणं, प्रश्न फेटाळणं यांत अध्यक्ष निःपक्ष राहिलेले नाहीत आणि सरकारची पाठराखण करतात. चर्चेच्या वेळी उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार खुर्चीत होते. नेहरूंनी अध्यक्षांची बाजू जोरात मांडली आणि ठराव फेटाळला गेला.

वादाचं मूळ होतं स्थगन प्रस्तावात. परकी राजवटीत सरकारला जाब विचारायचं विरोधकांकडे ते जवळजवळ एकमेव हत्यार होतं, म्हणून अध्यक्षही ते सैल हाताने वापरू देत. मावळंकर म्हणाले, आता सरकार आपलं आहे, सभागृहाला जबाबदार आहे, बोलायला दुसऱ्या अनेक वाटा आहेत; ठरलेलं काम बाजूला ठेवून चर्चा मागायची तर कारणही तसंच असाधारण हवं. युक्तिवाद बिनतोड आहे. पण सोळा-सतरा खासदारांच्या पक्षाला त्या ‘दुसऱ्या वाटां’वर किती वेळ मिळत होता, हेही बघायला हवं. वकिलाला जो मुद्दा कागदावर स्वच्छ दिसतो तो समोरच्या बाकावरून अन्यायासारखा दिसू शकतो. ठराव मांडणाऱ्यांची भाषा टोकाची होती, तक्रार मात्र पोकळ नव्हती, असं मला वाटतं.

खासदारांच्या भ्रष्टाचाराचं पहिलं प्रकरणही त्यांच्याच काळातलं का?

हो. 1951 मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन त्यांच्यासाठी संसदेत प्रश्न विचारल्याचा, दुरुस्त्या मांडल्याचा ठपका आला. सभागृहाच्या समितीने चौकशी केली, वर्तन सदस्याला न शोभणारं ठरलं आणि हकालपट्टीचा निर्णय होण्याच्या बेतात असताना मुद्गलांनी राजीनामा दिला. 2005 मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारणारे अकरा खासदार काढले गेले तेव्हा याच प्रकरणाचा आधार घेतला गेला.

स्पर्धा परीक्षेसाठी थोडक्यात काय लक्षात ठेवावं?

जन्म 27 नोव्हेंबर 1888, बडोदे. मुंबई विधानसभेचे अध्यक्ष 1937 पासून. मध्यवर्ती विधिमंडळ, जानेवारी 1946. लोकसभा अध्यक्ष 15 मे 1952 ते मृत्यूपर्यंत. मृत्यू 27 फेब्रुवारी 1956, अहमदाबाद. पदावर असताना निधन झालेले पहिले लोकसभा अध्यक्ष. त्यांच्यानंतर अय्यंगार. ‘लोकसभा’ हे नाव सभागृहाला अधिकृतपणे मिळालं ते त्यांच्या कारकिर्दीत, मे 1954 मध्ये. बाकीच्या तारखांपेक्षा दहा टक्के आणि 123 वा अनुच्छेद यांवर जास्त वेळ द्या.

नेमबाजीच्या मावळंकर स्पर्धेतले मावळंकर हेच का?

हेच. 1951 मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची जी पायरी नेमबाजांना ओलांडावी लागते ती त्यांच्या नावाने भरते. कोल्हापूर-पुण्याकडची नेमबाजी करणारी पोरं ‘मावळंकर खेळून आलो’ म्हणतात, तेव्हा गांधींच्या एका अनुयायाचं नाव बंदुकीला जोडलं गेल्याचं त्यांच्या गावीही नसतं. दिल्लीत त्यांच्या नावाचं सभागृहही आहे.

त्यांच्यानंतर घरातलं कुणी राजकारणात होतं का?

त्यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत पत्नी सुशीलाबाई अहमदाबादेतून बिनविरोध निवडून आल्या. 1957 ला त्या उभ्या राहिल्या नाहीत.

चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर राज्यशास्त्राचे प्राध्यापक. 1972 मध्ये इंदुलाल याज्ञिकांच्या निधनाने अहमदाबादची जागा रिकामी झाली, तिथून ते अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. तीन वर्षांत आणीबाणी आली. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तुरुंगात होते, सभागृहातली टीका छापायला वृत्तपत्रांना बंदी होती, प्रश्नोत्तराचा तासही तहकूब केलेला होता. वडिलांनी बसवलेल्या त्या सभागृहात हे अपक्ष सदस्य उभे राहून सरकारच्या विरोधात बोलत राहिले. 1977 मध्ये ते गांधीनगरमधून पुन्हा निवडून आले.